विद्वानांची विद्या व गरिबांचें दैन्य

विद्या हें मनुष्याचें भूषण आहे, असें आपण बाळपणापासून ऐकत आलों आहों. परंतु जें भूषण केवळ स्वतःच्याच अंगावर मिरवावयाचें, त्याचा शेजाऱ्यास काय उपयोग, असा प्रश्न एखाद्या भुकेल्या मनुष्यानें केला, तर त्यास काय उत्तर द्यावें? जगांत मोठमोठीं विद्यापीठें आहेत. त्यांत सहस्रावधि पंडित रात्रंदिवस ग्रंथ वाचीत व लिहीत बसलेले असतात. आणि त्याच जगांत कोट्यवधि लोकांस दोन वेळचें पुरेसें अन्न मिळत नाहीं. या दोन गोष्टींचा एकमेकींशीं कांहीं संबंध जोडतां येईल काय? पंडिताच्या मेजावरील दिव्याचा उजेड गरिबाच्या झोंपडींत पोहोंचूं शकेल काय? या प्रश्नाचा थोडासा विचार आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे. आपण सर्व शाळेंतील माणसें. म्हणून उदाहरणेंहि शाळेंतलींच घेतों.

गरिबांना साहाय्य करण्याची इच्छा जगांत नाहीं असें नाहीं. कोणी धान्य देतो, कोणी वस्त्र देतो, कोणी पुस्तकें देतो. पण दिलेली वस्तु कामास आली कीं नाहीं, हें मागाहून जाऊन पाहणारे मात्र फार थोडे. शुभवर्तमानांतील दयाळू शोमरोन्याची गोष्ट आपणां सर्वांस पाठ आहे. त्यानें जखमी मनुष्याची कींव केली, जखमा बांधल्या, त्यास उतारशाळेंत नेऊन ठेविलें, हें आपण नेहमीं सांगतों. परंतु निघतांना, आपण परत येऊं व अधिक खर्च झाल्यास तो भरून देऊं, असें वचन तो देऊन गेला, याकडे आपलें फारसें लक्ष जात नाहीं. त्याची दया ही परत फिरून पाहणारी दया होती. विद्वानानें आपली विद्या गरिबांच्या कामीं लावावयाची म्हणजे काय करावयाचें, याचें सार माझ्या मतें याच एका गोष्टींत आहे: परत जावें, पाहावें, मोजावें, आणि जें दिसेल तें खरें सांगावें.

इ. स. १९८५ च्या सुमारास मायकेल क्रेमर नांवाचे एक अमेरिकन तरुण हार्वर्ड विद्यापीठाची पदवी घेऊन पूर्व आफ्रिकेंतील केनिया देशांत गेले व तेथें त्यांनीं एक वर्ष शाळेंत अध्यापन केलें. पुढें ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. परंतु ज्या लोकांत आपण राहिलों त्यांना ते विसरले नाहींत. १९९४ च्या सुमारास ते पुन्हा तिकडे गेले असतां, त्यांचे एक स्नेही हॉलंडमधील एका ख्रिस्ती साहाय्यक निधीचें काम करीत असलेले त्यांना आढळले. या निधीस पश्चिम केनियांतील कांहीं गरीब शाळा निवडून त्यांना मदत द्यावयाची होती. क्रेमर यांनीं एक साधी सूचना केली: जितक्या शाळांना मदत द्यावयाची आहे, त्यांच्या दुप्पट शाळांची यादी करा; त्यांतून निम्म्या शाळा दैवगतीनें, म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढाव्या तशा, निवडा; त्यांना प्रथम मदत द्या; आणि मग दोन्ही बाजूंचीं मुलें कोठवर पोहोंचलीं तें पाहा.

सूचना दिसावयास क्षुल्लक आहे. पण तिच्यांतील मर्म नीट समजून घेतलें पाहिजे. समजा, एका शाळेस आपण पुस्तकें दिलीं, आणि वर्षाअखेर तेथील मुलें अधिक संख्येनें उत्तीर्ण झालीं. तर तें यश पुस्तकांचें म्हणावें काय? कदाचित् त्या वर्षीं पाऊस चांगला पडून मुलांना शेतावर कमी राबावें लागलें असेल. कदाचित् नवा मुख्याध्यापक अधिक दक्ष असेल. बरें, पुस्तकें असलेल्या शाळांची पुस्तकें नसलेल्या शाळांशीं तुलना करावी, तर पुस्तकें बहुधा सधन व उत्साही गांवांतच असतात; तेथील मुलें पुस्तकांविनाहि पुढेंच गेलीं असतीं. परंतु शाळांची निवड जर चिठ्ठीनें केली, तर दोन्ही गटांत सधन व निर्धन, दक्ष व आळशी, ओल्या व कोरड्या गांवांतल्या, अशा सर्व तऱ्हेच्या शाळा सारख्याच प्रमाणांत येण्याचा संभव असतो. शाळांची संख्या पुरेशी मोठी असली, म्हणजे दोन गटांत भेद काय तो मदतीचाच उरतो. मग जो फरक पडेल तो मदतीमुळें पडला, असें म्हणण्यास आधार मिळतो. वैद्यकशास्त्रांत नव्या औषधाची परीक्षा अशाच रीतीनें होते. तीच रीत गरिबांच्या शाळेस लावावयाची, इतकीच ती कल्पना होती.

आतां या कसोटीचा पहिला निकाल ऐका. १९९६ सालीं केनियाच्या पश्चिम सीमेवरील बुसिया या भागांत १०० शाळांपैकीं २५ शाळांना पाठ्यपुस्तकें देण्यांत आलीं. तेथें एकेका पुस्तकावर कित्येक मुलें ओणवीं होऊन वाचीत असत. तेव्हां नवीं पुस्तकें मिळतांच मुलें झपाट्यानें पुढें जातील, असें कोणासहि वाटलें असतें. पण परीक्षा घेऊन पाहतां, एकंदर मुलांच्या गुणांत दखल घेण्याजोगी वाढ झाली नव्हती! लाभ झाला तो फक्त आधींच हुशार असलेल्या मुलांना. असें कां व्हावें? पुस्तकें इंग्रजींत होतीं. आणि त्या मुलांपैकीं बहुतेकांची इंग्रजी ही तिसरी भाषा होती. घरीं मातृभाषा, बाजारांत स्वाहिली, आणि शाळेंत इंग्रजी. शिवाय पुस्तकें सरकारी अभ्यासक्रमाबरहुकूम होतीं, आणि तो अभ्यासक्रम शहरांतील सुस्थितींतल्या मुलांस मानवणारा होता. मागील बांकावरील मुलाच्या हातीं पुस्तक आलें खरें. पण तें त्याच्याशीं बोललें नाहीं.

वर्गांत टांगावयाच्या तक्त्यांचाहि असाच प्रकार झाला. ज्या शाळांत तक्ते आधींपासून होते, त्यांची इतरांशीं नुसती तुलना केली, तेव्हां तक्त्यांचा लाभ चांगला दिसला. पण दैवगतीनें निवडलेल्या शाळांत तक्ते देऊन पाहिले, तेव्हां तो लाभ कोठेंच आढळला नाहीं. म्हणजे मुलें पुढें होतीं तीं तक्त्यांमुळें नव्हेत, तर ज्या शाळांना तक्ते घेणें परवडत होतें त्या शाळाच मुळांत बऱ्या स्थितींत होत्या. दात्याचा द्रव्यव्यय आणि शिक्षकाचा उत्साह या दोहोंसहि चुकीची वाट दाखविणारा हा भ्रम एका साध्या कसोटीनें उघड केला.

यानंतर क्रेमर व त्यांचे सहकारी एडवर्ड मिगेल यांचें लक्ष निराळ्याच गोष्टीकडे गेलें. त्या भागांतील शंभरांपैकीं नव्वदांहून अधिक मुलांच्या शरीरांत कोणत्या ना कोणत्या जातीचे कृमि होते. या कृमींचा प्रकार विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानांत घ्यावा. रुग्णाच्या शौचावाटे कृमींचीं अंडीं जमिनींत जातात. मातीनें भरलेल्या हातांनीं किंवा न धुतलेल्या भाजीवाटे कांहीं जातींचीं अंडीं पोटांत जातात; तर अंकुशकृमीचें सूक्ष्म पिलूं उघड्या पायाच्या त्वचेंतून आंत शिरतें, आणि आंतड्याच्या भिंतीस चिकटून रक्त पितें. आणखी एका जातीचे कृमि तळ्याच्या पाण्यांतून अंगांत शिरतात. आणि बुसिया हा प्रांत व्हिक्टोरिया सरोवराच्या कांठींच आहे. असें मूल फिकट दिसतें, लवकर थकतें, त्याचें पोट दुखतें, आणि तें शाळेस येईनासें होतें. गुरुजी त्यास आळशी म्हणतात, बाप त्यास कामचुकार म्हणतो, आणि कृमि मात्र निवांतपणें आपलें काम करीत राहतात.

औषध होतें, आणि तें अत्यंत स्वस्त होतें. ७५ शाळांची वर्णानुक्रमानें यादी करून, दर तिसरी शाळा एकेका गटांत घालून, २५ शाळांचे तीन गट करण्यांत आले. या शाळांत मिळून ३०,००० हून अधिक मुलें होतीं. पहिल्या गटास १९९८ पासून, दुसऱ्यास १९९९ पासून, आणि तिसऱ्यास २००१ पासून औषध मिळालें. तिसऱ्या गटांतील मुलांस इतका काळ कां ताटकळत ठेविलें, असा आक्षेप कोमल अंतःकरणाच्या वाचकाच्या मनांत येईल, आणि तो यावाच. त्यास संशोधकांचें उत्तर असें, कीं सर्वांना एकाच वर्षीं पुरेल इतकें साधन व मनुष्यबळ निधीजवळ नव्हतें. कोणास तरी थांबावें लागणारच होतें. मग तो क्रम ओळखीपाळखीनें लागण्यापेक्षां यादीनें लागला हें अधिक न्याय्य होय.

निकाल असा आला, कीं औषध दिलेल्या शाळांत मुलांची गैरहजेरी सुमारें एक चतुर्थांशानें घटली. आणखी नवल हें, कीं त्याच शाळांतील ज्या मुलांनीं गोळी घेतली नव्हती त्यांनाहि गुण आला. कारण शेजारच्या मुलाच्या पोटांतील कृमि नाहींसे झाले, म्हणजे जमिनींत पडणारीं अंडीं कमी होतात. एकाचें आरोग्य हें दुसऱ्याचेंहि आरोग्य असतें, ही धर्मोपदेशांतील गोष्ट येथें आंकड्यांत दिसून आली.

परंतु सत्य सांगावयाचें तर सगळें सांगितलें पाहिजे. हजेरी वाढली तरी परीक्षेंतील गुण वाढले नाहींत, हें संशोधकांनीं स्वतःच लिहून ठेविलें. पुढें लंडन येथील कांहीं संशोधकांनीं त्यांच्याकडून मूळ आंकडे मागवून घेतले व सर्व गणित पुन्हा करून २०१५ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांत कांहीं चुका सांपडल्या. विशेषतः दूरच्या शाळांना झालेला लाभ प्रथम मानला होता तितका नव्हता, असें ठरलें. चुका झाल्या हें मूळ लेखकांनीं मान्य केलें. मुख्य निष्कर्षाविषयीं मात्र वाद चालूच राहिला. सरसकट सर्व मुलांना औषध देण्याचा लाभ फार अल्प आहे, असें म्हणणारेहि पंडित आहेत. इकडे मिगेल, क्रेमर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्या मुलांचा माग सोडला नाहीं. वीस वर्षांनंतर ज्यांना दोन-तीन वर्षें अधिक औषध मिळालें होतें, त्यांची ताशी कमाई इतरांपेक्षां शेंकडा सुमारें १३ नें अधिक असल्याचें त्यांना आढळलें. तें वृत्त २०२१ सालीं प्रसिद्ध झालें. विद्यार्थी मित्रहो, येथें कोणाचा पक्ष खरा, हें ठरविणें आपलें काम नव्हे. पण ज्यानें आपली वही विरोधकाच्या हातीं तपासण्यास दिली, त्याचें धैर्य ओळखणें हें आपलें काम आहे. परीक्षेच्या वेळीं आपली वही शेजाऱ्यापासून झांकून धरणाऱ्यांनीं तर यावर अवश्य विचार करावा!

हा सारा उद्योग विद्वानांच्या मासिकांतच राहिला असता, तर त्याचें मोल थोडें होतें. परंतु केनिया सरकारनें २००९ सालीं शाळांतून कृमिनाशक औषध देण्याचा राष्ट्रीय उपक्रम सुरू केला. आपल्या देशांतहि २०१५ पासून १० फेब्रुवारी हा दिवस राष्ट्रीय जंतनाशक दिन म्हणून पाळला जातो, आणि एक ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींस शाळेंत व अंगणवाडींत गोळी देण्यांत येते. ती चावून खावयाची गोळी, जिच्या चवीवरून वर्गांत हंशा पिकतो, तिच्यामागें इतका दूरचा इतिहास आहे.

दुसरें उदाहरण आपल्या अगदीं जवळचें, मुंबईचें आहे. मुंबई महानगरपालिकेच्या शाळांत तिसरी-चौथीपर्यंत पोहोंचूनहि ज्यांना पहिलीचें वाचतां येत नाहीं किंवा अंक ओळखतां येत नाहींत, अशीं पुष्कळ मुलें होतीं. ‘प्रथम’ या संस्थेनें त्यांच्यासाठीं ‘बालसखी’ नेमल्या. बालसखी म्हणजे त्याच वस्तींतील, माध्यमिक शिक्षण झालेली तरुण मुलगी. तिला थोडे दिवस शिक्षण देऊन अल्प मानधनावर नेमीत. ती मागें पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज सुमारें दोन तास वर्गाबाहेर बसवून त्यांच्या पायरीपासून शिकवी. या उपक्रमाची परीक्षा २००१ ते २००३ या काळांत मुंबई व बडोदें येथें अभिजित बॅनर्जी, एस्तेर द्युफ्लो व त्यांचे सहकारी यांनीं वर सांगितलेल्या रीतीनेंच केली. परिणाम असा दिसला, कीं मुलांचे गुण वाढले. आणि जीं सर्वांत मागें होतीं त्यांचे अधिक वाढले. मजेची गोष्ट ही, कीं हीं मुलें बाहेर गेल्यामुळें वर्गांत जीं मुलें उरलीं, त्यांना वर्ग लहान होऊनहि विशेष लाभ झाला नाहीं. म्हणजे गुण संख्येचा नव्हता. मूल जेथें उभें आहे तेथें जाऊन त्याचें बोट धरण्याचा होता. येथेंहि पुरें सत्य सांगावयाचें, तर उपक्रम संपल्यावर वर्षभरानें पाहतां त्या लाभाचा बराच भाग ओसरला होता. तरीहि तींतून निघालेलें तत्त्व टिकलें; ‘प्रथम’नें तें अनेक प्रांतांत नेलें, व आफ्रिकेंतील झांबिया देशानेंहि पुढें तें आपल्या शाळांत स्वीकारलें.

बॅनर्जी, द्युफ्लो व क्रेमर या तिघांस २०१९ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. अभिजित बॅनर्जी यांचा जन्म १९६१ सालीं मुंबईस झाला, आणि त्यांच्या मातोश्री निर्मलाबाई या माहेरच्या पाटणकर, हें मराठी वाचकांस ऐकून आनंद होईल. त्यांच्या या रीतीवर टीका करणारेहि थोर आहेत. २०१५ चें नोबेल पारितोषिक मिळविणारे अँगस डीटन यांचें म्हणणें असें, कीं एका गांवीं सिद्ध झालेली गोष्ट दुसऱ्या गांवीं तशीच उतरेल, याची खात्री कोणी द्यावी? हा आक्षेप रास्त आहे. शिवाय मजुराची मजुरी, शेतकऱ्याची जमीन, दुर्बळाला मिळणारा न्याय, या गोष्टी चिठ्ठ्या टाकून तपासतां येणाऱ्या नाहींत. आणि दारिद्र्याचें मूळ पुष्कळदां तेथेंच असतें. म्हणून ही कसोटी म्हणजे दारिद्र्यरोगावरील एकमेव औषध होय, असें कोणी समजूं नये. ती केवळ एक नाडीपरीक्षा आहे. पण नाडी न पाहतां औषध देणारा वैद्य कितीहि दयाळू असला, तरी त्याच्या हातून रोग्यास गुण येईलच असें नाहीं.

येथें एक स्वतःची गोष्ट सांगणें मला प्राप्त आहे. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत एक मुलगा होता. त्याचे आईबाप मजुरी करीत. त्याला मीं पुस्तकनिधींतून सर्व नवीं पुस्तकें मिळवून दिलीं, आणि माझें कर्तव्य झालें असें मानून मी स्वस्थ बसलों. सहामाहींत तो नापास झाला, तेव्हां मीं त्याला सर्वांदेखत बोललों: एवढीं पुस्तकें देऊनहि तूं वाचीत नाहींस! त्यानें मान खालीं घातली व कांहीं उत्तर केलें नाहीं. पुढें एके दिवशीं त्याला जवळ बसवून वाचावयास सांगितलें, तेव्हां कळलें कीं त्याला जोडाक्षरें मुळींच वाचतां येत नव्हतीं. तो आळशी नव्हता. मी परत फिरून पाहिलें नव्हतें. बुसियांतील त्या पुस्तकांचा वृत्तांत मीं वाचला, तेव्हां प्रथम मला आठवला तो त्याचाच चेहरा. मग आम्ही दोघे शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास बसूं लागलों. आणि वर्षाअखेर तो अडखळत कां होईना, पण वाचूं लागला. मात्र जे सहा महिने माझ्या समाधानांत गेले, ते त्याचे होते. ते मी त्याला परत देऊं शकलों नाहीं.

तेव्हां विद्वानाची विद्या गरिबांच्या कामीं येण्यास काय लागतें? पहिली गोष्ट, त्यानें गरिबांत जावें व प्रश्न तेथून आणावा; ग्रंथालयांत बसून कल्पूं नये. दुसरी, आपल्या उपायाची निःपक्षपातानें परीक्षा करावी. तिसरी, निकाल आपल्या विरुद्ध गेला तरी तो जगापुढें ठेवावा. आणि चौथी, जें खरें ठरलें तें इतकें सुलभ करून द्यावें, कीं शाळेच्या शिक्षकाला, अंगणवाडीच्या बाईंना, वस्तींतील मुलीला तें आपल्या हातांनीं करतां यावें. यांत बुद्धीपेक्षां नम्रतेचें काम अधिक आहे.

विद्यार्थ्यांनो, तुम्हांपैकीं कांहीं जण पुढें महाविद्यालयांत जातील, आणि एखादा मोठा संशोधकहि होईल. पण त्यासाठीं आजच थांबून राहण्याचें कारण नाहीं. तुमच्या वर्गांत वारंवार गैरहजर राहणारा सोबती कां येत नाहीं, हें त्याच्या घरीं जाऊन विचारा. बांकावर शेजारीं बसलेल्यास गणित येत नसेल, तर तें त्याला कोठून येत नाहीं, हें आधीं शोधा. पालकांस माझी विनंति अशी, कीं मुलें अनवाणी खेळावयास जाऊं नयेत, जेवणापूर्वीं त्यांनीं हात धुवावे, व जंतनाशक दिनीं गोळी घेण्यास टाळाटाळ करूं नये, याकडे लक्ष द्यावें. आणि मूल मागें पडलें, तर शिक्षा करण्यापूर्वीं त्यास जवळ बसवून वाचावयास सांगावें.

पुस्तकनिधीस आपण सर्वजण दरवर्षीं यथाशक्ति देतों, तसें यंदाहि अवश्य द्यावें. फक्त यंदा पुस्तक देतांना आम्ही शिक्षकांनीं एवढें करावयाचें योजिलें आहे, कीं दिवाळीनंतर त्या प्रत्येक मुलाजवळ बसून तेंच पुस्तक त्याच्याकडून वाचून घ्यावयाचें. शोमरोनी परत आला असेल, तेव्हां त्यानें उतारशाळेच्या दारांत पहिला प्रश्न तोच केला असेल: आतां त्याचें कसें आहे? हा प्रश्न विचारण्याची बुद्धि परमेश्वर आपणां सर्वांस देवो.